बिनड्रायव्हरची गाडी आणि अर्जातला रकाना



मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचा अर्ज ज्यांनी कधी भरला असेल, त्यांना ठाऊक आहे की त्यात गाडी कोण चालवीत होता हे लिहावे लागते. नाव, पत्ता, लायसन्सचा नंबर. आमच्या वस्तीतल्या व आसपासच्या लोकांचे असे अर्ज मी गेली पंधरा-सोळा वर्षे भरून देत आलो आहे. घरातला कमावता माणूस गेलेला असतो, बाई सुन्न बसलेली असते, दीर किंवा भाऊ कागदांची पिशवी घेऊन आलेला असतो. ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी या तिघांना सामनेवाले करून दावा दाखल होतो. या तिघांत पहिला जो ड्रायव्हर, तोच उद्या नाहीसा झाला तर त्या रकान्यात काय लिहावयाचे, हा आजचा विषय आहे.

हे दूरचे बोलणे आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील फिनिक्स शहरात ऑक्टोबर २०२० पासून वेमो कंपनीच्या टॅक्सीत सामान्य प्रवासी बसू लागले, आणि त्या टॅक्सीच्या स्टिअरिंगमागे कोणीच नसते. फोनवरून गाडी बोलवायची, दार उघडून बसायचे, स्टिअरिंग आपोआप फिरताना पाहायचे. गाडीच्या टपावर व चारी अंगांना कॅमेरे, रडार आणि लेझरच्या किरणांनी अंतर मोजणारी यंत्रे बसविलेली असतात. समोर काय आहे हे ती पाहतात, गाडीतला संगणक ते ओळखतो, पुढच्या क्षणी ती वस्तू कोठे असेल याचा अंदाज बांधतो आणि ब्रेक किंवा वेग ठरवितो. शिवाय गाडी इंटरनेटने कंपनीच्या कचेरीशी जोडलेली असते. अडचण आली तर कचेरीत बसलेला कर्मचारी पडद्यावर पाहून तिला वाट सुचवितो. ड्रायव्हर गेला, पण कारकून आला, असे गमतीने म्हणता येईल.

या गाड्या दारू पीत नाहीत, डुलकी घेत नाहीत, घरच्या भांडणाचा राग रस्त्यावर काढत नाहीत. आपल्या मैलांचा हिशेब मांडून माणसाच्या तुलनेत आपल्या गाड्यांकडून इजा होणारे अपघात कमी होतात असे वेमो सांगते, आणि त्यात तथ्य असावे असे मलाही वाटते. आपल्या देशात एकट्या २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतील ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती आणि जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची. मोटारीत बसणाऱ्यांपेक्षा मोटारीखाली सापडणारे आपल्याकडे किती तरी अधिक. तेव्हा माणसे वाचविणाऱ्या यंत्राला केवळ ते यंत्र आहे म्हणून विरोध करणाऱ्यांपैकी मी नाही.

परंतु यंत्र चुकल्यावर काय झाले, हे नीट पाहिले पाहिजे.

१८ मार्च २०१८ ची रात्र. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेम्पी नावाचे शहर आहे. रात्री दहाच्या सुमारास ४९ वर्षांची एक बाई पिशव्या अडकविलेली सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडत होती. तेथे झेब्रा पट्टे नव्हते. समोरून उबर कंपनीची चाचणीसाठी फिरविली जाणारी व्होल्वो मोटार आली. ती स्वयंचलित अवस्थेत होती, वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या घरात. गाडीने त्या बाईला ठार केले. बिनचालकाच्या तंत्रामुळे पादचाऱ्याचा बळी गेल्याची ही जगातील पहिली घटना मानली जाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तिची कसून चौकशी केली. त्या अहवालातली माहिती आपल्यासारख्या सामान्य माणसालाही सहज समजते. धडक होण्याच्या ५.६ सेकंद आधी यंत्राला काही तरी दिसले होते. पण ते काय आहे हे यंत्राला ठरवता येईना. कधी ते त्याला वाहन वाटे, कधी नुसतीच 'अन्य वस्तू', कधी सायकल. प्रत्येक वेळी मत बदलले की आधीची हालचाल विसरून हिशेब पुन्हा पहिल्यापासून. माणूस झेब्रा पट्टे सोडून इतर ठिकाणीही रस्ता ओलांडतो, ही गोष्ट त्या यंत्राच्या रचनेतच धरलेली नव्हती! आपल्याकडच्या कोणत्याही शाळकरी पोराने ही उणीव पहिल्या दिवशी दाखविली असती. व्होल्वो कंपनीने गाडीत स्वतःची आपोआप ब्रेक लावणारी सोय दिलेली होती. दोन यंत्रांचा गोंधळ नको म्हणून गाडी स्वयंचलित असताना उबरने ती बंद ठेवली होती.

गाडी चाचणीची असल्यामुळे लक्ष ठेवायला एक कर्मचारी बाई आत बसलेली होती. तिचे डोळे रस्त्यावर नव्हते, फोनवर कार्यक्रम चालू होता असे तपासात निघाले. ही तिची चूक मोठीच. पण अहवालात आणखी एक गोष्ट आहे. आधी अशा प्रत्येक गाडीत दोन माणसे असत. एकाने रस्ता पाहायचा, दुसऱ्याने नोंदी करावयाच्या. २०१७ च्या अखेरीस कंपनीने दुसरा माणूस काढला आणि दोघांचे काम एकावर टाकले. तास न् तास आपोआप चालणाऱ्या गाडीत काहीही न करता बसायचे आणि हजारातल्या एका क्षणी मात्र विजेसारखे जागे व्हायचे, हे माणसाच्या स्वभावाला धरून नाही. यंत्रावर विसंबून लक्ष उडते, या धोक्याचा कंपनीने पुरेसा बंदोबस्त केला नव्हता असे मंडळाने स्पष्ट लिहिले. राज्य सरकारची देखरेख अपुरी होती हेही लिहिले.

आता निकाल पाहा. मार्च २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी कळविले की कंपनीवर फौजदारी खटला भरण्यास आधार नाही. मृत बाईच्या नातेवाइकांशी कंपनीने घटनेनंतर थोड्याच दिवसांत तडजोड करून टाकली होती. २०२० साली खटला भरला गेला तो गाडीत बसलेल्या त्या कर्मचारी बाईवर. जुलै २०२३ मध्ये तिने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा, म्हणजे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, झाली. यंत्राची रचना करणारे, ब्रेकची सोय बंद ठेवणारे, दुसरा माणूस काढून पगार वाचविणारे यांच्यापैकी एकही जण आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही.

मी कारकुनी करणारा माणूस आहे. फाईलवर पाच साहेबांच्या सह्या असतात आणि चौकशी लागली की पहिली नोटीस टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाला निघते, हे आमच्या पेशातल्या कोणाला सांगावे लागत नाही. टेम्पीची हकिगत वाचताना मला ती परदेशातली वाटलीच नाही.

दुसरी हकिगत २ ऑक्टोबर २०२३ ची, सॅन फ्रान्सिस्को शहरातली. तेथे ऑगस्टमध्येच दोन कंपन्यांना चोवीस तास भाडे घेऊन बिनड्रायव्हरच्या टॅक्सी चालविण्याची परवानगी मिळाली होती. त्या रात्री माणूस चालवीत असलेल्या एका मोटारीने रस्त्यावरच्या बाईला उडविले आणि तो माणूस पळून गेला. ती बाई शेजारून जाणाऱ्या क्रूझ कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सीपुढे फेकली गेली. टॅक्सीने ब्रेक लावला, तरी धडक बसलीच. येथवर यंत्राला फार दोष देता येणार नाही. पण टॅक्सी थांबल्यावर यंत्राने ठरविले की आता रस्त्याच्या कडेला व्हावे. बाई गाडीखाली अडकलेली होती. त्या अवस्थेत गाडीने तिला सुमारे वीस फूट फरफटत नेले. कोणताही ड्रायव्हर, तो कितीही उर्मट असो, ती किंकाळी ऐकून जागीच थांबला असता.

यापुढचे अधिक गंभीर आहे. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सरकारी खात्यांना त्या घटनेची चित्रफीत दाखविली, पण फरफटत नेल्याचे तोंडाने सांगितले नाही. चित्रफीत काय ते बोलेल, असे त्यांनी धरले. आणि काही बैठकांत ती दाखविताना इंटरनेट अडखळत होते, असे नंतर कंपनीनेच नेमलेल्या वकिलांच्या अहवालात आले. २४ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन खात्याने परवाना स्थगित केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय खात्याला खोटा अहवाल दिल्याचे कबूल करून कंपनीने पाच लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. डिसेंबरात तिची मालक असलेल्या जनरल मोटर्सने तो टॅक्सीचा धंदाच आवरता घेतला.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे अपघात झाला की पोलीस येतात, टेपने ब्रेकच्या खुणा मोजतात, पंच सही करतात, साक्षीदार जबाब देतात. या सगळ्यात लाख दोष असतील; पण कागद सरकारी असतो, त्याची नक्कल अर्ज करून मागता येते. बिनड्रायव्हरच्या गाडीत अपघाताचा सर्वांत खरा साक्षीदार म्हणजे गाडीच्या पोटातली नोंद, आणि ती नोंद असते कंपनीच्या कुलपात. ज्याच्याविरुद्ध दावा, त्याच्याच कपाटात पंचनामा!

टेस्ला कंपनीच्या एका खटल्यात हेच घडले. २०१९ साली फ्लोरिडा राज्यात टेस्लाची मोटार तिच्या 'ऑटोपायलट' यंत्रणेवर चालू असताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या तरुण जोडप्यावर आदळली. मुलगी मेली, मुलगा जबर जखमी झाला. मोटार चालविणारा खाली पडलेला फोन शोधायला वाकला होता. चूक त्याची होतीच, आणि त्याने ती नाकारलीही नाही. परंतु मुलीच्या आईवडिलांनी कंपनीलाही कोर्टात खेचले. अपघाताच्या क्षणाची पूर्ण नोंद कंपनीकडून मिळेना, तेव्हा फिर्यादी पक्षाने स्वतः तज्ज्ञ गाठून ती गाडीतल्या चिपमधून काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्यूरीने एक तृतीयांश जबाबदारी कंपनीवर टाकली आणि सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. सहा वर्षे लागली. ज्यांना वकील आणि तज्ज्ञ परवडले त्यांना हे साधले. आपल्याकडच्या विधवेने गाडीतली चिप उघडणारा माणूस कोठून आणावयाचा?

ब्रिटनने या बाबतीत शहाणपणा दाखविला आहे. २०१८ च्या कायद्याने तेथे ठरविले की स्वयंचलित गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत, मग हवे तर गाडी बनविणाऱ्याकडून वसूल करावेत. यंत्र चुकले की माणूस, हा घोळ निस्तरेपर्यंत जखमीने दवाखान्याच्या दारात बसून राहू नये, असा त्याचा साधा अर्थ. पुढे २० मे २०२४ रोजी दुसरा कायदा मंजूर झाला, त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. त्यानुसार गाडी स्वतः चालत असताना आत बसलेल्या माणसावर गाडी चालविण्याबद्दल खटला होणार नाही. ज्या कंपनीने गाडी सुरक्षित असल्याचे सांगून परवानगी मिळविली, ती उत्तर देईल. सुरक्षेची माहिती दडविणे किंवा खोटी देणे हा गुन्हा ठरविला असून वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही त्यात जबाबदार धरता येते. म्हणजे आमच्या भाषेत, टिपणी लिहिणाऱ्याबरोबर सही करणाऱ्यालाही नोटीस.

आपल्या देशाचे काय? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातच, स्पष्ट सांगितले की ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. भूमिका चांगली आहे. एका वाचक भगिनीने मला विचारले होते की मुलगा बारावीनंतर ड्रायव्हिंग शिकतो आहे, पैसे फुकट तर जाणार नाहीत ना. त्यांना माझे उत्तर असे की त्याला शिकू द्या. अमेरिकेतल्या टेक्साससारख्या सरळ, रुंद महामार्गांच्या राज्यातही डल्लास ते ह्यूस्टन बिनड्रायव्हरचा मालट्रक धावू लागला तो २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत, आणि काही आठवड्यांतच ट्रक बनविणाऱ्या कंपनीच्या आग्रहावरून ड्रायव्हरच्या जागेवर पुन्हा माणूस बसवावा लागला. (तो ट्रक चालविणाऱ्या ऑरोरा कंपनीनेच उबरचा बिनड्रायव्हर विभाग विकत घेतला होता.) दिल्लीच्या मेट्रोची एक मार्गिका डिसेंबर २०२० पासून चालकाविना धावू लागली, हे खरे. पण तिला स्वतःचा रूळ आहे. तिच्यापुढे हातगाडी, वरात आणि उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल येत नाही. मात्र मुलाने नुसते स्टिअरिंग न शिकता बिल्ला काढावा, गाडीतली इलेक्ट्रिकची व सेन्सरची दुरुस्तीही शिकून घ्यावी.

माझी शंका वेगळी आहे. मंत्र्यांनी पुढचे दार लावले तरी मागच्या दाराने हे तंत्र घरात शिरलेच आहे. जोडलेल्या गाड्या तर आपल्या रोजच्या आहेत. २०१९ पासून नव्याने नोंद होणाऱ्या टॅक्सी, बस अशा प्रवासी वाहनांना ठिकाण कळविणारे यंत्र व संकटकाळचे बटण सक्तीचे झाले (रिक्षांना त्यातून सूट मिळाली). स्त्रियांच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे, आणि आपल्या मुलींना ते बटण कोठे असते हे दाखवून ठेवावे. ॲपवर टॅक्सी चालविणाऱ्या आपल्या पोरांना कोठे जायचे, कोणत्या रस्त्याने जायचे, भाडे किती, हे सारे आज फोनच सांगतो. तक्रार आली की माणसाचे तोंड न पाहता त्याची आयडी बंद होते. ड्रायव्हर जागेवर आहे, अधिकार मात्र निघून गेला आहे. जबाबदारी तेवढी त्याच्याकडे राहिली.

जोडणी तुटली की काय होते तेही जगाने पाहिले. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या भागाची वीज गेली, सिग्नल बंद पडले, आणि वेमोच्या टॅक्सी चौकाचौकांत खोळंबून उभ्या राहिल्या. वीज नसलेला सिग्नल कसा ओलांडावा हे आपल्या रिक्षावाल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आणि अर्धवट स्वयंचलित मोटारी येथे विकल्या जातच आहेत. महिंद्रच्या २०२१ मध्ये आलेल्या एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांत, आणि आता इतरही कंपन्यांच्या महाग मॉडेलांत, गाडी स्वतः ब्रेक लावते, पट्ट्यांच्या मधोमध राहते, पुढच्या गाडीशी अंतर राखते. जबाबदारी मात्र पूर्णपणे स्टिअरिंग धरणाऱ्याचीच, असे कंपन्यांच्या माहितीपुस्तकात छापलेले असते. अशी गाडी बहुधा मालकाची, आणि ती चालविणारा पगारी ड्रायव्हर आपल्यातला. यंत्राने ऐन वेळी दगा दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, पूर्वीच्या ३०४-अ खाली, आरोपी तोच. जानेवारी २०२४ मध्ये याच कलमातील पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध देशभरचे ट्रकड्रायव्हर रस्त्यावर उतरले होते, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, हे सर्वांना आठवत असेल. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू करताना तो भाग तूर्त बाजूला ठेवला गेला. ड्रायव्हर संघटित झाल्याने तेवढे झाले. यंत्राच्या चुकीबद्दल ड्रायव्हरला संरक्षण द्या, ही मागणी अद्याप कोणत्याही संघटनेने जोरकसपणे लावून धरल्याचे मला दिसले नाही. वास्तविक मोटार वाहन कायद्यात ती आजच घालावयास हवी, आणि अपघाताच्या वेळची गाडीतली नोंद पोलिसांकडे विनाविलंब जमा करण्याचे बंधन कंपनीवर हवे.

तोवर आपल्या हातात आहे ते सांगतो. अपघातात सापडलेली गाडी नवी व महागडी असेल तर तिच्यात आपोआप ब्रेकची किंवा पट्टा राखणारी सोय आहे काय आणि ती त्या वेळी चालू होती काय, याची नोंद घटनास्थळ पंचनाम्यात घ्या म्हणून तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. गाडीतली संगणकीय नोंद व डॅशबोर्डच्या कॅमेऱ्याची चित्रफीत जपून ठेवावी, असे पत्र मालक, विमा कंपनी व गाडी बनविणारी कंपनी या तिघांना रजिस्टर पद्धतीने पाठवावे. गाडी दुरुस्तीला गेली की नोंद पुसली जाण्याचा धोका असतो, म्हणून हे पहिल्या आठवड्यातच करावे. पगारी ड्रायव्हर असलेल्या बंधूंनीही स्वतःच्या बचावासाठी हेच करावे.

दोष कोणाचा हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूस पाच लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये मालकाकडून वा विमा कंपनीकडून मागता येतात. यंत्र चुकले की माणूस हा वाद तेथे आड येत नाही. त्याहून अधिक भरपाई मागावयाची तर कलम १६६ चा अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर कोणी बसू नये. येताना एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, पॉलिसीची नक्कल आणि मयताच्या पगाराचा जो काही पुरावा असेल तो आणावा. पगाराचा कागद नसला तरी यावे, त्यालाही वाट असते.